क्यूट क्विक आणि पायथन: देवघेवीच्या काउंटरसाठी डेस्कटॉप खिडकी बांधताना

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास परळच्या एका जुन्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरसमोर रांग लागते. ऑफिसं सुटलेली असतात, पुस्तक बदलून करी रोडहून पुढची लोकल पकडायची असते. काउंटरवरच्या बाई दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाने पुस्तकाला दिलेला नंबर, टाकून एंटर दाबायच्या आणि स्क्रीन पांढरी पडायची. वर ‘नॉट रिस्पाँडिंग’. आठ-दहा सेकंद बाई आणि रांग, सगळेच त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत उभे. दर तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला हेच.

तो प्रोग्राम नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी क्यूट क्विक निवडलं. क्यूट हा डेस्कटॉपचे प्रोग्राम बांधायचा साधनसंच, आणि क्यूट क्विक हा त्यातला खिडक्या मांडायचा भाग. हा लेख त्याच कामाच्या आधारावर आहे. पायथन बऱ्यापैकी येतं, वेबपेजेस केली आहेत, पण डेस्कटॉपची खिडकी कधी बांधली नाही, अशा डेव्हलपरसाठी तो लिहिला आहे. मला दोन गोष्टी पोटतिडकीने सांगायच्या आहेत. खिडकीत जे दिसतं ते माहितीवरून आपोआप ठरलं पाहिजे, आणि माहिती आणण्याच्या कामात खिडकी कधीही अडकता कामा नये. त्याखेरीज मराठी मजकूर हा या प्रोग्रामचा मुख्य ऐवज आहे. तो शेवटी बघू म्हणून बाजूला ठेवला, तर शेवटी सगळंच उकलावं लागतं.

क्लासची, फाइलींची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

हेच का?

क्यूट नॉर्वेत जन्मलं. पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९५ची. २०१०मध्ये ४.७ आवृत्तीबरोबर क्यूट क्विक आणि त्याची क्यूएमएल ही भाषा आली, आणि डिसेंबर २०२०मध्ये क्यूट ६. केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा डेस्कटॉप, टेलिग्रामचं डेस्कटॉप अॅप, ऑटोडेस्क माया ही सगळी क्यूटवर उभी आहेत. म्हणजे पाया जुना आणि वापरून घट्ट झालेला आहे, वरची मांडणीची पद्धत मात्र आजची आहे.

वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अॅप बांधणारं इलेक्ट्रॉन मी बाजूला ठेवलं, कारण ते प्रत्येक अॅपबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर आणतं आणि वाचनालयाचं मशीन जुनं, मेमरी थोडी. टाउरी त्याच जातीचं आणि हलकं आहे, पण त्याचा मागचा भाग रस्ट या भाषेत, आणि वाचनालयाचं काम पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला पायथन येत असण्याची शक्यता जास्त. मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूपीएफ चांगलं आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुमचा निर्णयही वेगळा असेल. खाली मॉडेल, थ्रेड आणि मराठीबद्दल जे लिहिलं आहे ते तरीही उपयोगी पडेल.

पहिली पायरी: तयारी

नवं फोल्डर करा, त्यात पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, ते सुरू करा आणि ‘पिप इन्स्टॉल पायसाइड६’ चालवा. पायसाइड हे पायथनमधून क्यूट वापरू देणारं अधिकृत पॅकेज. पायक्यूट नावाचं दुसरं एक आहे, त्याचा परवाना वेगळा, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नका. नेटवर सापडलेला नमुना पायक्यूटचा असेल, तर त्यात सिग्नल (काही घडल्याचा निरोप) आणि स्लॉट (तो निरोप घेणारी मेथड) यांची नावं वेगळी असतात आणि नवशिक्याचा अर्धा दिवस तिथेच जातो.

दोन फाइली पुरतात: ‘मेन डॉट पाय’ आणि ‘मेन डॉट क्यूएमएल’. क्यूएमएलमध्ये खिडकी कशी दिसेल ते, पायथनमध्ये माहिती आणि नियम. ही वाटणी पहिल्या दिवसापासून पाळा. थकीत पुस्तकाचा दंड किती, हा हिशेब क्यूएमएलमधल्या जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा मोह होईल. तो टाळा.

दुसरी पायरी: रिकामी खिडकी

पायथनच्या फाइलीत चार गोष्टी ओळीने येतात. क्यूजीयूआय-अॅप्लिकेशनचा ऑब्जेक्ट, क्यूक्यूएमएल-अॅप्लिकेशन-इंजिन, इंजिनला क्यूएमएल फाइल लोड करायला सांगणं, आणि शेवटी अॅपचं ‘एक्झेक’. एक्झेक म्हटलं की इव्हेंट लूप सुरू होतो. माउसची हालचाल, कीबोर्ड, टायमर, पुन्हा रंगवणं, हे सगळं हा एकच लूप एकामागून एक हातावेगळं करत असतो. हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा, थ्रेडच्या, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांच्या, वेळी लागेल.

लोड आणि एक्झेकच्या मध्ये एक तपासणी टाका: इंजिनचे ‘रूट ऑब्जेक्ट्स’ रिकामे असतील तर प्रोग्राम एरर देऊन बंद व्हावा. क्यूएमएलमध्ये एक कंस चुकला तरी खिडकी येत नाही, आणि ही तपासणी नसेल तर प्रोग्राम काही न दाखवता चालूच राहतो.

क्यूएमएलमध्ये सर्वांत बाहेर ‘अॅप्लिकेशन विंडो’. तिला रुंदी, उंची, शीर्षक द्या आणि ‘व्हिजिबल: ट्रू’ लिहा. ही ओळ राहिली की सगळं बरोबर असूनही काहीच दिसत नाही, कारण खिडकी मुळात अदृश्य असते.

फाइलींचे रस्ते नेहमी ‘मेन डॉट पाय’ जिथे आहे तिथून मोजा, चालू फोल्डरवरून नाही. तुम्ही टर्मिनलवरून चालवता तेव्हा दोन्ही एकच असतात. बाई डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर डबलक्लिक करतात तेव्हा ते एकच असतील याची खात्री नसते.

स्टाइलही इथेच ठरवा. विंडोजवर कंट्रोल्स आपोआप विंडोजसारखे दिसतात, पण त्या स्टाइलमध्ये बटणाची पार्श्वभूमी वगैरे बदलायची सोय नाही. मी ‘फ्यूजन’ घेतली. ती क्यूएमएल लोड होण्याआधी सांगावी लागते.

तिसरी पायरी: मांडणी

काउंटरच्या खिडकीत वर सभासद क्रमांकाचा खाना, त्याखाली दाखल क्रमांकाचा खाना, शेजारी ‘द्या’ आणि ‘जमा’ ही बटणं, आणि उरलेल्या जागेत पुस्तकांची यादी. यासाठी एक ‘कॉलम लेआउट’ आणि त्यात दोन ‘रो लेआउट’ पुरतात. यादीला ‘लेआउट डॉट फिल हाइट’ द्या, म्हणजे खिडकी मोठी केली की वाढलेली जागा यादीलाच मिळेल.

लेआउटच्या आतल्या घटकाला अँकर, म्हणजे दुसऱ्या घटकाच्या कडेला बांधणारी दोरी, लावू नका. जागा ठरवणारे दोन मालक झाले की क्यूट इशारा देतं आणि खिडकी लहान-मोठी करताना खाने एकमेकांवर चढतात. सर्वांत बाहेरच्या लेआउटला ‘अँकर्स डॉट फिल: पेरेंट’ चालतं, आत नाही.

चौथी पायरी: बाइंडिंग, म्हणजे या पद्धतीचा गाभा

जुन्या पद्धतीत आपण हुकूम देतो: सभासद सापडला की बटण चालू कर, पुस्तक बाहेर असेल तर बंद कर, खाना पुसला की पुन्हा बंद कर. असे हुकूम दहा ठिकाणी पसरतात आणि अकरावं ठिकाण राहून जातं. क्यूएमएलमध्ये एकदाच सांगायचं की ‘द्या’ हे बटण चालू असणं म्हणजे सभासद ग्राह्य असणं आणि पुस्तक कपाटात असणं. ‘एनेबल्ड’च्या पुढे हीच अट लिहायची. यालाच बाइंडिंग म्हणतात. त्या दोहोंतलं काहीही बदललं की क्यूट अट पुन्हा तपासतं आणि बटण आपोआप बदलतं.

‘सभासद ग्राह्य’ ही गोष्ट पायथनमध्ये राहते. क्यू-ऑब्जेक्ट या क्यूटच्या मूळ क्लासवरून एक क्लास करा, मी त्याचं नाव ‘डेस्क’ ठेवलं. त्यात ‘प्रॉपर्टी’ डेकोरेटर लावलेली मेथड लिहा आणि तिला ‘नोटिफाय’ म्हणून एक सिग्नल जोडा. आतली किंमत बदलली की तो सिग्नल एमिट करायचा. नोटिफाय द्यायला विसरलात तर पहिली किंमत बरोबर दिसते, नंतर काहीच बदलत नाही. टर्मिनलवर ‘नॉन-नोटिफायेबल’ असा इशारा येतो. तो दिसला की शोधत बसायचं कारण नाही, चूक हीच आहे.

बाइंडिंग तुटण्याचा प्रकार याहून फसवा. दोनदा क्लिक होऊ नये म्हणून मी ‘द्या’ बटणाच्या ‘ऑन क्लिक्ड’मध्ये सरळ लिहिलं होतं की बटणाचं एनेबल्ड आता फॉल्स. पहिलं पुस्तक गेलं, बटण बंद झालं आणि मग दिवसभर बंदच राहिलं. जावास्क्रिप्टमधून बरोबरच्या चिन्हाने किंमत दिली की आधीची अट कायमची पुसली जाते. योग्य मार्ग असा: डेस्कमध्ये ‘काम चालू आहे’ अशी आणखी एक प्रॉपर्टी ठेवायची आणि एनेबल्डच्या अटीत तिची भर घालायची. दिसणं बदलायचं असेल तेव्हा माहिती बदला, कंट्रोलला हात लावू नका.

डेस्कचा ऑब्जेक्ट क्यूएमएलला देताना तो पायथनच्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. ‘कॉन्टेक्स्ट प्रॉपर्टी’ म्हणून दिला म्हणून इंजिन त्याची मालकी घेत नाही. जागच्या जागी बनवून दिलात तर पायथन तो निरुपयोगी समजून मोकळा करतं आणि क्यूएमएलच्या हाती ‘नल’ येतं.

पाचवी पायरी: यादी आणि मॉडेल

वाचनालयात हजारो पुस्तकं असतात. प्रत्येकासाठी स्क्रीनवर एक ओळ तयार करून ठेवणं कुठल्याही मशीनला जड जाईल. ‘लिस्ट व्ह्यू’ फक्त दिसणाऱ्या आणि आसपासच्या ओळी बनवतो. त्याला दोन गोष्टी लागतात: मॉडेल, म्हणजे माहिती, आणि डेलिगेट, म्हणजे एका ओळीचा साचा.

मॉडेलसाठी ‘क्यू-अॅब्स्ट्रॅक्ट-लिस्ट-मॉडेल’वरून क्लास करा आणि तीन मेथड लिहा. ‘रो काउंट’ ओळींची संख्या सांगते. ‘रोल नेम्स’ कोणत्या क्रमांकाला कोणतं नाव ते सांगते. क्रमांक ‘यूजर रोल’च्या पुढून सुरू करा आणि नावं बाइट्समध्ये द्या. ‘डेटा’ एका ओळीतली एक गोष्ट देते. ही तिसरी मेथड स्क्रोल करताना सतत बोलावली जाते, म्हणून तिच्यात डेटाबेसची क्वेरी कधीही लिहू नका. आधीच आणून ठेवलेल्या पायथनच्या लिस्टमधून उचलून द्या.

ओळ वाढवायच्या आधी ‘बिगिन इन्सर्ट रोज’, नंतर ‘एंड इन्सर्ट रोज’. एका पुस्तकाची स्थिती बदलली तर ‘डेटा चेंज्ड’ हा सिग्नल. सगळी यादीच बदलली तर ‘बिगिन रीसेट मॉडेल’ आणि ‘एंड रीसेट मॉडेल’. हे न सांगता आतली लिस्ट बदललीत, तर स्क्रीनवर जुनंच दिसतं. प्रत्येक बदलाला रीसेट मारायचा आळसही करू नका, कारण रीसेटमध्ये निवडलेली ओळ आणि स्क्रोलची जागा हरवते. बाईंना यादीच्या वरच्या टोकाला परत फेकलं जाणं फार जाचतं.

डेलिगेटमध्ये ‘रिक्वायर्ड प्रॉपर्टी’ म्हणून नाव, लेखक, स्थिती लिहा. एक रिक्वायर्ड प्रॉपर्टी आली की ‘इंडेक्स’सुद्धा आपोआप मिळत नाही, तोही रिक्वायर्ड म्हणून लिहावा लागतो. कोणती ओळ निवडली आहे वगैरे काहीही डेलिगेटमध्ये साठवू नका. ओळ नजरेआड गेली की डेलिगेट नष्ट होतो आणि त्याच्याबरोबर ते साठवलेलंही जातं. आणि लिस्ट व्ह्यूला ‘क्लिप: ट्रू’ द्या, नाहीतर स्क्रोल करताना ओळी वरच्या खान्यांवरून तरंगत जातात.

सहावी पायरी: मराठी

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. अक्षरं जुळवून दाखवण्याचं काम क्यूट हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतं, त्यामुळे जोडाक्षरं बरोबर येतात. त्याची चिंता नाही. प्रश्न पुढेच आहेत.

फाँट स्वतःच्या अॅपबरोबर द्या, मशीनवर काय असेल यावर सोडू नका. मी मुक्त घेतला. तो एक टाइप या मुंबईतल्याच मंडळींनी केलेला आहे आणि मुक्त परवान्याखाली मिळतो. ‘क्यू-फाँट-डेटाबेस’मधून तो सुरुवातीलाच लोड करा. तेरा पिक्सेलच्या मापात इंग्रजी वाचता येतं, पण ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ वेगळे ओळखायला डोळे ताणावे लागतात. मी सतरा ठेवलं. ओळीला ठरावीक उंची देऊ नका, मजकुराच्या ‘इम्प्लिसिट हाइट’वरून ठरू द्या. नाहीतर ‘विद्यार्थ्यांची’ मधला रफार वरून आणि ‘शत्रू’ मधला दीर्घ ऊकार खालून कापला जातो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोयही मराठीला वापरू नका, शिरोरेघ तुटते.

आता शोध. बाईंनी पहिल्याच दिवशी मला हाक मारली. “अगं, ‘दऱ्या’ टाकलं तर पुस्तक येत नाही. कपाटात माझ्या डोळ्यांसमोर आहे ते.” स्क्रीनवर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसत होते. आत बघितलं तर एका ठिकाणी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य होतं. दुसऱ्या ठिकाणी साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदी जोडक आणि मग य. डोळ्याला एकच शब्द, कॉम्प्युटरला दोन.

असे प्रकार मराठीत पुष्कळ आहेत. ‘ॲ’ घ्या. त्याला स्वतःचं युनिकोड स्थान २००८मध्ये, ५.१ आवृत्तीत मिळालं. त्याआधीची सवय म्हणून कोणी अ आणि वर चंद्र असं टाइप करतं, कोणी हिंदीचा ऍ वापरतं. ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी कितीतरी लोक कोलन टाइप करतात. म्हणून पुस्तकाच्या नावाशेजारी डेटाबेसमध्ये ‘शोधरूप’ असा वेगळा रकाना ठेवा. मूळ नाव दाखवण्यासाठी जसंच्या तसं राहील, शोध शोधरूपावर चालेल. शोधरूप बनवणारं फंक्शन एकच असावं आणि नोंद करताना व शोधताना तेच वापरावं.

त्यात मी क्रमाने हे करते. आधी पायथनच्या ‘युनिकोडडेटा’मधून एनएफसी, म्हणजे सुट्या खुणा जोडलेलं प्रमाण रूप. त्याने र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ होतो. मग र, हलन्त आणि जोडक यांच्या जागी ऱ आणि हलन्त. उरलेले सगळे न दिसणारे जोडक-तोडक काढून टाकायचे. ॲची तिन्ही रूपं एक करायची. दोन अक्षरांमधल्या कोलनचा विसर्ग करायचा. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार एकच मानायचे, कारण ‘कवि’ आणि ‘कवी’ ही दोन्ही रूपं जुन्या-नव्या पुस्तकांवर छापलेली आहेत आणि शोधणाऱ्याने त्यात अडकू नये. शेवटी जास्तीच्या मोकळ्या जागा काढायच्या.

क्रमवारीचं प्रकरण याहून नाजूक आहे. एसक्यूलाइट हा एका फाइलीत राहणारा डेटाबेस मुळात बाइटांची तुलना करतो, म्हणून क्रम युनिकोडचा येतो. त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो. क्ष हे क, हलन्त आणि ष असं तीन खुणांचं असल्यामुळे ‘क्षमा’ ‘कौल’च्या मागे लागते. ‘ज्ञान’ ज मध्ये शिरतं आणि ‘ॲसिड’ यादीच्या पार तळाला जातं. आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर ळ, क्ष, ज्ञ, आणि ग्रंथपालांना यादी तशीच हवी असते.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला: ळ, क्ष, ज्ञ यांना सर्वांत मोठे क्रमांक द्यायचे. मग ‘पळस’ ‘पाऊस’च्या नंतर गेला. कारण सर्वांत मोठा क्रमांक म्हणजे काना-मात्रांहूनही मोठा, आणि दुसऱ्या जागेवर ळची तुलना थेट कान्याशी होते. बरोबर तक्ता असा लागतो: आधी स्वर, मग क ते ह ही व्यंजनं, लगेच ळ, क्ष, ज्ञ, त्यानंतर काना-मात्रा आणि अगदी शेवटी हलन्त. तुलना करण्याआधी क्ष आणि ज्ञ यांच्या जागी युनिकोडच्या खासगी पट्ट्यातली एकेक खूण घाला, म्हणजे ती एकसंध अक्षरं मानली जातील. मग प्रत्येक खुणेचा तक्त्यातला क्रमांक काढा आणि त्या क्रमांकांची यादी तुलनेला द्या. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये ‘क्रिएट कोलेशन’ आहे, त्यातून ही तुलना नाव देऊन नोंदवता येते आणि क्वेरीत ‘ऑर्डर बाय’च्या पुढे ते नाव लिहिता येतं. अनुस्वार कुठे ठेवायचा हे ग्रंथपालांना विचारा आणि त्यांच्या तालिकेत असेल तसा ठेवा.

क्यूटचा ‘क्यू-कोलेटर’ आहेच, पण तो हे काम काही ठिकाणी आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीकडे आणि काही ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतो. मला दोन मशीनवर दोन क्रम नको होते.

आकड्यांचंही एक सांगते. काही मराठी कीबोर्डांवर आकड्याची की दाबली की देवनागरी आकडा उमटतो. ‘१२३’ या मजकुराची इंग्रजी आकड्यांतल्या मजकुराशी तुलना केली तर जुळत नाही. पायथनचं ‘इंट’ मात्र देवनागरी आकडे सरळ समजतं आणि योग्य संख्या देतं. जावास्क्रिप्टला ते जमत नाही. म्हणून दाखल क्रमांकाचा मजकूर तसाच डेस्ककडे पाठवा आणि संख्या पायथनमध्येच करा.

सातवी पायरी: कीबोर्ड आणि स्कॅनर

यूएसबीचा साधा बारकोड स्कॅनर मशीनला कीबोर्डच वाटतो. तो आकडे टाइप करतो आणि बहुधा शेवटी एंटर देतो. म्हणजे त्या क्षणी फोकस जिथे असेल तिथे आकडे पडतात. फोकस शोधाच्या खान्यात राहिला असेल, तर दाखल क्रमांक शोधात जातो आणि पुस्तक नोंदवलं जात नाही. प्रत्येक देवघेव पूर्ण झाली, प्रत्येक सूचना बंद झाली, की दाखल क्रमांकाच्या खान्यावर ‘फोर्स अॅक्टिव्ह फोकस’ बोलवा. टेक्स्ट फील्डचा ‘ऑन अॅक्सेप्टेड’ एंटरवर चालतो, नोंद तिथूनच करा.

शॉर्टकट अक्षरांवर ठेवू नका. कीबोर्डची भाषा बदलली की त्यांचा भरवसा राहत नाही. ‘द्या’ला एफ२, ‘जमा’ला एफ३ असं ठेवलं आणि बटणावर तसं लिहिलं.

फोनेटिक कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक बारकावा. तिथे शब्द निवडून पक्का होईपर्यंत तो खान्यात दिसतो, पण ‘टेक्स्ट’ या प्रॉपर्टीत येत नाही. तो ‘प्रीएडिट टेक्स्ट’मध्ये असतो. टाइप करता करता शोध चालवायचा असेल तर ‘डिस्प्ले टेक्स्ट’कडे लक्ष ठेवा.

आठवी पायरी: खिडकी अडू न देणं

साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर एका चित्राला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. इव्हेंट लूप एकच आहे, म्हणून तुमची क्वेरी दोन सेकंद चालली तर त्या दोन सेकंदांत काहीही रंगवलं जात नाही आणि विंडोज खिडकीला ‘नॉट रिस्पाँडिंग’ ठरवतं. वाचनालयाच्या जुन्या प्रोग्रामचं दुखणं नेमकं हेच होतं. डेटाबेसची फाइल नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर, दाखल क्रमांकावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही आणि सगळं काम खिडकीच्याच थ्रेडवर.

आधी इंडेक्स लावा आणि एसक्यूलाइटची फाइल त्याच मशीनवर ठेवा. नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या फोल्डरसाठी एसक्यूलाइट बनलेलंच नाही. एवढ्यानेच बहुतेक क्वेरी क्षणात होतात. तरीही डेटाबेस वेगळ्या थ्रेडवर न्याच, कारण एखादा दिवस वार्षिक अहवालाचा असतो.

क्यू-ऑब्जेक्टवरून एक ‘कामकरी’ क्लास करा, त्याचा ऑब्जेक्ट बनवा, ‘मूव्ह टू थ्रेड’ने तो एका क्यू-थ्रेडवर न्या आणि थ्रेड सुरू करा. डेस्क त्याला सिग्नलने काम सांगतो, तो सिग्नलनेच उत्तर देतो. दोन्ही ऑब्जेक्ट वेगळ्या थ्रेडवर आहेत हे ओळखून क्यूट निरोप रांगेत लावतं. कामकऱ्याच्या मेथड थेट बोलावू नका. थेट बोलावलेली मेथड तुमच्याच थ्रेडवर चालते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

डेटाबेसचं कनेक्शन कामकऱ्याच्या ‘इनिट’मध्ये उघडू नका. इनिट चालतं तेव्हा ऑब्जेक्ट अजून मुख्य थ्रेडवरच असतो. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल ज्या थ्रेडवर कनेक्शन उघडलं तिथेच ते वापरू देतं, म्हणून पहिल्याच क्वेरीला ‘प्रोग्रामिंग एरर’ येते. थ्रेडच्या ‘स्टार्टेड’ सिग्नलला एक स्लॉट जोडा आणि कनेक्शन त्यात उघडा.

शोधासाठी क्यूएमएलचा ‘टायमर’ वापरा. प्रत्येक अक्षराला तो ‘रीस्टार्ट’ करा आणि दोनशे मिलिसेकंद शांतता झाली की मगच काम पाठवा. शिवाय प्रत्येक शोधाला चढता क्रमांक द्या आणि उत्तराबरोबर तोच परत मागा. आलेल्या उत्तराचा क्रमांक शेवटच्या शोधाचा नसेल तर ते सोडून द्या, म्हणजे ‘शाळा’ टाइप केल्यावर आधीच्या ‘शा’ची यादी क्षणभरही दिसणार नाही.

नववी पायरी: वाचनालयाच्या मशीनवर

‘पायसाइड६-डिप्लॉय’ ही कमांड पायसाइडबरोबरच येते आणि आतून न्युइटका हे पायथनचा चालता प्रोग्राम बनवणारं साधन वापरते. विंडोजचं पॅकेज विंडोजवरच बनवावं लागतं. सगळं एकाच एक्सईमध्ये कोंबण्याऐवजी मी फोल्डर ठेवते. एका फाइलीतल्या एक्सईवर अँटिव्हायरस संशय घेतात, आणि पायसाइडच्या एलजीपीएल परवान्यानुसार वापरणाऱ्याला क्यूटच्या लायब्ररी बदलता आल्या पाहिजेत, ते फोल्डरमध्ये सोपं असतं. तुमचा स्वतःचा कोड बंद ठेवता येतो, परवान्याचा मजकूर मात्र सोबत द्या. क्यूट चार्ट्स आणि क्यूटचा व्हर्च्युअल कीबोर्ड यांचा खुला परवाना जीपीएल, म्हणजे एलजीपीएलहून कडक आहे, तेव्हा ते वापरण्याआधी नीट वाचून घ्या.

डेटाबेस प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या खात्याला लिहिता येत नाही. ‘क्यू-स्टँडर्ड-पाथ्स’कडून ‘अॅप डेटा लोकेशन’ मागा, पण त्याआधी अॅपचं आणि संस्थेचं नाव सेट करा, कारण तो रस्ता त्या नावांवरून बनतो.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसची फाइल कॉपी करू नका, नेमकं लिहिणं चालू असेल तर कॉपी अर्धवट निघते. पायथनच्या कनेक्शनवर ‘बॅकअप’ मेथड आहे, ती चालू डेटाबेसचीही नीट प्रत काढते. परळला ती रोज देवघेव बंद झाल्यावर कामकऱ्याच्याच थ्रेडवर चालते, तारखेच्या नावाने पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर खिडकीच्या तळाशी लाल पट्टीत तसं दिसतं. ती पट्टीसुद्धा डेस्कच्या एका प्रॉपर्टीला बांधलेली आहे, पेनड्राइव्ह लावला की आपोआप जाते. बाई कुलूप लावण्याआधी तेवढं बघतात.